जाबदार

कसबा बावड्यात कोर्टाच्या फाटकासमोर माझं टेबल आहे.
एक छत्री, एक लॅपटॉप, पानाला चाळीस रुपये.
वाटणीचे दावे, नावातली चूक,
मेलेल्या बापाच्या वारसांची यादी:
माणसं बोलत जातात, मी त्यांचं 'सदर इसम' करतो.

सुभान मुजावर आला मंगळवारी, कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत.
गव्हाच्या जहाजावर असतो, नऊ महिन्यांनी घरी आलेला.
म्हणाला, प्रतिज्ञापत्र करायचंय. मी मराठीत सांगतो,
ते पुढं भाषांतर करून घेतील.
ते म्हणजे कोण?
वकील हायत तिकडचे. बुडालेल्यांच्या बाजूचे.

मी सुरू केलं: मी खाली सही करणार, वय एकतीस,
धंदा नोकरी, राहणार शुक्रवार पेठ,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की

रात्री दोन चाळीसला आमच्या डाव्या अंगाला
रबराची एक नाव होती, माणसांनी भरलेली.
सरकारी बोट तिच्याभोवती गोल फिरत होती, दिवे मालवून.
लाट उठावी म्हणून फिरत होती, साहेब. चुकून न्हवं.
मग आकडा टाकून त्यांनी तिचं इंजिन ओढलं,
पोरं ट्रॉलीतनं ऊस ओढत्यात, तसं.
आमच्या कप्तानानं वायरलेसवर विचारलं, ही माणसं कुणाच्या हद्दीत?
उत्तर आलं: तपासत आहोत. तुम्ही तुमच्या वाटेनं जा.
आम्ही गेलो.
हे पण लिवा. आम्ही गेलो.

थोडा वेळ तो छत्रीच्या काडीकडं बघत राहिला.

अंधारात कुणीतरी मोजत होतं.
भाषा कळत नव्हती, मोजणं कळत होतं.
घाटावर स्मशानाला शेणी देताना मोजत्यात ना,
त्याच चालीत. एक शब्द, श्वास, एक शब्द.
मी बोटांवर धरत गेलो. एकेचाळीस.
मग ती बोट आणखी एक फेरा फिरली.
मोजणारा परत पहिल्यापासून सुरू झाला.
आता सदतीस.

ह्या ओळींचं मी 'सदर इसम' केलं नाही.

जाबदार क्रमांक एक म्हणून कुणाचं नाव घालू?
बोट एका सरकारची, सुभान म्हणाला, डिझेलचे पैसे दुसऱ्याचे,
वरनं ज्या विमानानं नाव आधी हेरली ते तिसऱ्याचं.
तिघंही म्हणत्यात, आमचं तिथं कोणी नव्हतं.

पाण्यावर रेघ उमटत नाही, असं आपण म्हणतो.
महापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी
तासातासाला फूट-इंचात सांगत होतं सरकार.
मला सुतारवाड्यातून काढलं तेव्हा बोटवाला एवढंच म्हणाला:
मधी बसा, हलू नका.
पण पाणी उतरल्यावर तलाठ्यानं यादी दिली टाइपला.
भट्टीवरची सात कुटुंबं तीत नव्हती.
विचारलं, तर म्हणाला, कार्ड इथलं न्हाई.
मी टाइप केली.
पानाला तेव्हा तीस रुपये होते.

नोटरींनी चष्मा वर केला.
जाबदारच्या जागी जबाबदार पडलंय, म्हणाले,
एक ब जादा झालाय, काढून टाका.
बोट कळीवर नेलं मी.
सुभान म्हणाला, असू दे की.
नोटरी म्हणाले, ह्यानं अर्ज परत येईल.
येऊ दे, तो म्हणाला, आलाच तर पोचला तरी असंल कुठंतरी.

मग त्यांनी पेनानं दुसरं पान टोकरलं:
नियमानं आकड्यापुढं अक्षरी लागतं.

बरोबर होतं त्यांचं. मी घातलं.
पहिली मोजणी ४१, अक्षरी एकेचाळीस.
दुसरी मोजणी ३७, अक्षरी सदतीस.
फरक ४.
अक्षरी चार फक्त.